शेवंताबाईंचे हात आणि धुण्याचे यंत्र

वर्कशॉपात सर्वांत खालचे काम धुण्याचे. इंजिन जोडणाऱ्याला उस्ताद म्हणतात, खोलणाऱ्याला मिस्त्री म्हणतात; धुणाऱ्याला पदवी नाही. रायपूरच्या एका डिझेल वर्कशॉपात मी निवृत्तीपर्यंत फोरमन होतो. लोक अजूनही भेटले की इंजिनांविषयी विचारतात. कोणते टिकते, कोणते फसवते, जुने घ्यावे की नवे. धुण्याविषयी आजवर कोणी विचारलेले नाही. म्हणून त्याच विषयावर लिहितो. इंजिनांवर लिहिणारे पुष्कळ मिळतील.

आमचे वर्कशॉप बिलासपूर रस्त्यावर होते. शहर संपते आणि सिलतऱ्याचे कारखाने सुरू होतात, त्या मधल्या पट्ट्यात. छत्तीसगढ राज्य नवे झाले तेव्हा शहराला राजधानी असण्याची सवय नव्हती. रस्ते रुंद होण्याआधी गाड्या आल्या. सरकारी जीपा, ठेकेदारांचे डंपर, कारखान्यांचे लोडर, हॉटेलांचे जनरेटर एकाच वेळी बिघडू लागले. पूर्वी इंजिन आले की ते सवडीने खोलले जाई. आता एक खोलून होईतो दुसरे दारात उभे असे. काम वाढले की पहिली कात्री धुण्याला लागते, कारण धुण्यात राहिलेली कसर त्या दिवशी दिसत नाही.

बाहेरच्या वाचकासाठी थोडे स्पष्ट करतो. इंजिन नवे करायचे म्हणजे ते पूर्ण खोलायचे, झिजलेले भाग बदलायचे, उरलेले मोजायचे आणि पुन्हा जोडायचे. मळलेला भाग मोजता येत नाही. मळ ठेवून जोडला, तर तो शेजारच्या नव्या भागालाही खातो. सिलतऱ्याच्या लोडरमध्ये लोखंडाची काळी भुकटी तेलात कालवून लेप झालेला असे. तो बोटांत चोळला तर कानशीसारखा लागे. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पोटातून तेल जाण्यासाठी बारीक भोके असतात. क्रँक बाहेरून चांदीसारखा चमकत असला आणि त्या भोकात चिमूटभर कचरा राहिला, तर इंजिन सुरू होताच तो तेलाबरोबर थेट बेअरिंगवर जातो. पुढचे सांगायला नको.

एकदा एका ठेकेदाराचा डंपर आला. दुसरीकडे नुकताच नवा करून घेतलेला आणि लगेच जाम झालेला. ठेकेदार तेलाच्या कंपनीला शिव्या देत होता. क्रँकच्या भोकातून आम्ही पुसण्याच्या चिंधीचा गोळा तारेने ओढून काढला.

"इतने से?" ठेकेदार म्हणाला.

"एवढ्यानेच," मी म्हटले.

त्याचा विश्वास बसला नाही. तेलाची कंपनी त्याने तरीही बदलली.

आमच्याकडे धुण्याचे काम शेवंताबाईंकडे होते. मूळच्या त्या गोंदियाकडच्या. नवरा कारखान्यात भट्टीवर होता, तो आजाराने गेला. घरी सासू आणि शाळेतली मुलगी. त्या आमच्याकडे झाडलोटीला आल्या आणि काही काळाने पार्ट धुऊ लागल्या. उंची बेताची, आवाज मोठा. डिझेलने भरलेला पत्र्याचा ट्रे, एक ब्रश, एक खरवडणी, दुसऱ्या ट्रेमध्ये स्वच्छ डिझेल आणि बसायला लाकडी पाट, एवढीच आमची त्या काळची यंत्रसामग्री. धुण्याचा क्रम मी त्यांना शिकवला होता आणि त्या तो मोडत नसत. शेवटी भोकात बोट घालून फिरवत. खर, म्हणजे राहिलेल्या कणांची खरखर, लागली की भाग पुन्हा ट्रेमध्ये.

धनीराम हा आमचा मुख्य मिस्त्री. छत्तीसगढी, हाताचा पक्का, तोंडाचा मोकळा. घाई असली की तो ट्रेपाशी येऊन उभा राही.

"दीदी, इसको बारात में भेजना है क्या? कितना नहलाओगी?"

"धाडते ना बारातीत. तुले करवला करून संगं धाडते," शेवंताबाई मान वर न करता म्हणत.

"हव, तो जल्दी करो. दूल्हे का बाप बाहर हॉर्न बजा रहा है."

डिझेल मळ काढते तसेच कातडीतले तेलही काढते. आधी हात कोरडे पडतात, मग पांढुरके होतात, मग पेरांवर चिरा पडतात. चिरांत काळे तेल बसते आणि ते साबणाने निघत नाही. रॉकेलने निघते. रॉकेलने चिरा आणखी खोल होतात. शेवंताबाईंचे हात या क्रमाने गेले. जेवताना त्या तिखट वगळू लागल्या. पुढे डब्यात चमचा आणू लागल्या. चमच्यावरूनही वर्कशॉपात थट्टा झाली.

मी रबरी हातमोजे आणले. डिझेलने ते फुगले आणि ढिले पडले. दुसरे, जाड आणले. त्यांची बोटांची टोके शेवंताबाईंनी कात्रीने कापून टाकली.

"का कापले?" मी विचारले.

"मोज्यातून खर समजत नाई, भाऊ. खर समजली नाई तर मले ठेवून काय फायदा?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की हे काम सोडा, नाहीतर बोटे वाकणार नाहीत. हे त्यांनी मला हसत सांगितले. त्याच आठवड्यात त्यांच्या हातून एक इंजेक्टर, इंधन फवारणारा नाजूक भाग, निसटून फरशीवर पडला. त्या हसल्या नाहीत. बोट मुडपत नव्हते.

मी मालकांकडे गेलो. त्यांना आम्ही शेठजी म्हणत असू. माणूस वाईट नव्हता. खर्चाचे नाव निघाले की चष्मा काढून पुसायचा, एवढेच. धुण्याचे यंत्र घ्यावे लागेल, असे मी सांगितले. त्यांनी चष्मा पुसला नाही, तेव्हाच मला समजायला हवे होते.

"ले लो, ठवकरजी. अच्छा है. फिर बाई की छुट्टी."

शेवंताबाई ट्रेपाशी बसून ऐकत होत्या. दुपारी माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊ, मशीन आणा. पण मले काढाले आणू नका."

"तुमच्या हातांसाठी आणतो आहे."

"हात वाचून मंग काय करू? मांडीवर ठेवून पायत बसू?"

मी वचन दिले नाही. ते देणे माझ्या अधिकारात नव्हते. मनाशी मात्र दोन अटी धरल्या. यंत्र असे हवे की हात वाचतील, आणि असे हवे की ते चालवायला जाणते माणूस लागेल. विक्रेत्यांना मी या अटी सांगितल्या नाहीत. निवड मात्र त्या अटींवरच केली.

यंत्र निवडताना लोक आधी किंमत विचारतात आणि नंतर मळ दाखवतात. क्रम उलटा हवा. आधी तुमचा सर्वांत मोठा भाग कोणता आणि त्याचे वजन किती. मग तो कोणत्या धातूचा. मग मळ कसला: ग्रीस, जळलेला कार्बन, की माती. मग तुमचे पाणी कसे, वीज किती, आणि धुतल्यावरचे घाण पाणी कुठे जाणार. शेवटचा प्रश्न एकाही विक्रेत्याने मला आपणहून विचारला नाही. आमच्या मागे नाला होता. सगळा परिसर त्या नाल्यालाच उत्तर समजत असे.

ध्वनिलहरींनी धुणारी एक छोटी टाकी पाहिली. इंजेक्टरसाठी उत्तम, पण लोडरचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा जड ठोकळा, तिच्यात मावेना. पंपाने डिझेल फिरवणारे बेसिन पाहिले. सोयीचे होते, परंतु डिझेल ते डिझेलच, हात त्यातच राहणार. मग पुण्याच्या एका कंपनीचा विक्रेता आला. टाय बांधून आला होता. त्याचे यंत्र म्हणजे लोखंडी कपाट. आत फिरती जाळी, चारी बाजूंनी फवारे, साबणाचे सौम्य गरम पाणी, आणि दार बंद. हात बाहेर. त्याने सोबत नमुन्याचा एक भाग आणला होता, ग्रीस माखलेला. पाच मिनिटांत तो लखलखीत निघाला. सगळे माना डोलवू लागले.

"हे ग्रीस केव्हा लावले?" मी विचारले.

"सर, आज सुबह."

मी धनीरामला खूण केली. त्याने सिलतऱ्याच्या लोडरचे हेड आणून ठेवले. कार्बन जळून दगड झालेला, वरून काळा लेप. विक्रेत्याने टाय सैल केला.

"हे धुऊन दाखवा."

"सर, इसमें टाइम लगेगा."

"आम्ही येथेच आहोत."

हेड पूर्ण निघाले नाही. लेप गेला, कार्बन राहिला. विक्रेत्याने ते मान्य केले. कार्बन आधी खरवडावा लागेल, भोकांत ब्रश घालावा लागेल, जाळीवर भाग कसा ठेवायचा हे माणसाने ठरवावे लागेल, असे तो खाली मान घालून म्हणाला. ते त्याला आपल्या मालातले उणे वाटत होते. मला हवे होते ते हेच. मी टेप घेतला आणि शेवंताबाईंना उभे केले. जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत माप घेतले. जड भाग कोपराच्या उंचीवर आत सरकवता आला तर पाठ राहते. त्याहून खाली किंवा वर असेल तर वर्षभरात जाते. दाराची उंची इतकी हवी, असे विक्रेत्याला सांगितले.

"साहब मशीन नाप से सिलवा रहे हैं," धनीराम म्हणाला. "दीदी, बाँह पूरी रखवाना कि आधी?"

"तुया तोंडाले झाकण शिवून राहिले," शेवंताबाई म्हणाल्या. "माप मोठं लागते, म्हणून वेळ लागून राहिला."

शेठजींनी किंमत ऐकली आणि चष्मा काढला. त्यानंतर त्यांच्या ओळखीच्या एका माणसाने भनपुरीत एक टाकी बनवून दिली. जाड पत्र्याची, खाली हीटर, आत कॉस्टिक सोड्याचे उकळते पाणी. भाग साखळीने बुडवायचा आणि काढायचा. ओतीव लोखंडाला तिच्यासारखे दुसरे काही नाही, हे मी कबूल करतो. ग्रीस, कार्बन, रंग, काहीही ठेवत नाही. परंतु ॲल्युमिनियमला ती खाते. पिस्टन, हेडची झाकणे, गिअरबॉक्सचे खोके, हे सगळे ॲल्युमिनियमचे. शिवाय थेंब अंगावर उडाला तर कातडे सोलते. हे मी शेठजींना टाकी येण्याआधी सांगितले, आल्यावर सांगितले, आणि भिंतीवर लाल रंगाने लिहिले.

"अलग रखेंगे, ठवकरजी. इतना तो हो जाएगा."

काही महिने वेगळे ठेवलेही. ॲल्युमिनियमचे भाग शेवंताबाई पूर्वीप्रमाणे डिझेलमध्ये धूत. म्हणजे हात अर्धे वाचले आणि काम अर्धे उरले. उरलेल्या वेळात झाडलोट. शेठजी येता-जाता ट्रेकडे पाहत. ते काय मोजत आहेत हे मला कळत होते, आणि शेवंताबाईंनाही.

आमच्याकडे विश्वकर्मा पूजा मोठी होते. त्या दिवशी अवजार कोणी उचलत नाही. हातोडीलासुद्धा गंध लागते. आदल्या दिवशी वर्कशॉप धुऊन काढायचे, आणि एकदा पाणी, सोडा, ब्रश निघालेच म्हणून घरची भांडीही आणायची, ही आमची जुनी प्रथा. कोणी पूजेची घंटा आणी, कोणी कढई, कोणी पंख्याची पाती. टाकी आल्यापासूनची ती पहिलीच पूजा. सकाळपासून रांग लागली. लोखंडी कढया, तवे, खलबत्ते आत गेले आणि नव्यासारखे बाहेर आले. धनीराम साखळी ओढत होता आणि प्रत्येक भांडे वर आले की कोणाच्या घरचे ते पुकारत होता.

दुपारी चौबे कॉलोनीतून, शेठजींच्या घरून, प्रसादाच्या खिचडीचे पातेले आले. दोघांनी धरून आणावे एवढे. वर्षानुवर्षे लाकडावर चढून त्याच्यावर काजळीचा इतका जाड थर होता की खाली कोणता धातू आहे हे दिसत नव्हते. शेठाणींचा निरोप होता, जरा चमकवून द्या. धनीरामने ते साखळीला अडकवले आणि खाली सोडले. तसे मोठे, काळे भांडे लोखंडाचेच असणार, असे सर्वांनी धरून चालले. मी आवारात एका ट्रकपाशी होतो.

प्रथम बारीक बुडबुडे आले. मग टाकीतून सळसळ ऐकू येऊ लागली आणि राखाडी फेस वर चढला. सगळे गंमत पाहत होते. मळ निघतो आहे असे त्यांना वाटले. मी आत आलो तेव्हा फेस काठावरून उतरत होता आणि घशाला लागणारी वाफ पसरली होती. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक यांतून निघणारा वायू पेट घेतो. पलीकडे मंडपाच्या पाइपांचे वेल्डिंग चालू होते. मी ते बंद करायला ओरडलो, आणि सर्वांना बाहेर व्हायला सांगितले.

सर्व बाहेर झाले. शेवंताबाई झाल्या नाहीत. त्या आकड्याची काठी घेऊन पातेले ओढत होत्या. ते वर आले, काठावर टेकले, आणि फेसाचा लोट त्यांच्या मनगटावर गेला.

मी त्यांना दंडाला धरून हौदापाशी नेले आणि हात नळाखाली धरला. धनीराम पूजेसाठी आणलेली लिंबे घेऊन धावत आला.

"नींबू लगाओ साहब, सोडा नींबू से कटता है."

"लिंबू ठेव. नळ पूर्ण सोड."

जळालेल्या जागी आंबट लावले तर आग वाढते. अशा वेळी पाणी, पुष्कळ पाणी, आणि बराच वेळ, याखेरीज दुसरे काही करायचे नसते. शेवंताबाई हात ओढू लागल्या.

"झालं, भाऊ. सोडा आता."

"नाही झाले."

"लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

मग मी विचारले, ते पातेले ओढायला कशासाठी गेलात.

"शेठाणीचं गंज हाय ते, खिचडीचं पातेलं. बुडालं असतं तर नाव कोनाचं आलं असतं? धुनारीचंच. शेठजी कारणच पायत हायेत."

मी नळ तसाच चालू ठेवला. जवळच्या दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले की कातडी वरवर गेली आहे, खालचे शाबूत आहे. पट्टी बांधून त्या संध्याकाळी घरी गेल्या.

शेठजी आले तेव्हा पातेले भिंतीशी उभे होते. काजळी गेली होती, आणि तिच्याबरोबर बराचसा बुडाचा पत्राही. शेठजींनी ते उचलून उजेडाकडे धरले. बुडातून पलीकडचा उजेड दिसत होता. त्यांनी ते खाली ठेवले.

"बाई का हाथ?"

"वाचला. पाण्याने."

त्या दिवशी चष्म्याला त्यांनी हात लावला नाही.

"वो पूनावाली मशीन मँगा लो."

"चालवणार कोण?"

"जो अभी धोती है, वही चलाएगी. और कौन?"

मी होय म्हटले आणि कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी खिचडी भाड्याच्या भांड्यात शिजली. शेवंताबाई पट्टी बांधलेल्या हाताने पूजेला आल्या आणि वाढायला उभ्या राहिल्या. मी त्यांना बसवले.

दिवाळीनंतर यंत्र आले. दार मागितलेल्या मापाचे होते. शेवंताबाईंना ते पहिले काही दिवस मुळीच आवडले नाही. दार बंद झाले की आत काय होते ते दिसत नाही, आणि रिकामे उभे राहणे त्यांना जमत नसे. मध्येच दार उघडून पाहत. तोंडावर गरम फवारा येई. मग यंत्राला शिव्या. मी त्यांना पुन्हा क्रम शिकवला. आधी खरवडायचे, कारण यंत्र दगड धूत नाही. तेलाच्या वाटांची बुचे काढायची. भाग असा ठेवायचा की भोके फवाऱ्याकडे येतील. फवारा सरळ जातो, वळत नाही. एकावर एक भाग रचायचे नाहीत. निघाल्यावर भोकांत लांब ब्रश, मग साधे पाणी, मग हवा, आणि लगेच तेलाचा हात. नाहीतर भिजले लोखंड जेवणाच्या सुट्टीत गंजते. सौम्य साबणात हातमोजे फुगत नाहीत. त्यामुळे मोजे टिकले. बोटाने खर पाहायची ती आता डोळ्यांनी पाहायची ठरली: तारेला पांढरी पट्टी बांधून भोकातून ओढायची, पट्टी काळी आली तर पुन्हा आत. ही पट्टी शेवंताबाईंना पटली. काळी आली की ती धनीरामच्या टेबलावर नेऊन ठेवत.

"तुया घाईचं सर्टिफिकेट," म्हणत.

यंत्र घेतले म्हणजे काम संपते, असे घेणाऱ्याला वाटते. मला ते कधी वाटले नाही, तरी त्यानंतरच्या देखभालीचा थकवा मला चुकला नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात चुना. उन्हाळ्यात हीटरवर पांढरा थर चढे आणि फवाऱ्यांची तोंडे बुजत. ती सुईने मोकळी करायची. पाण्यावरचे तेल रोज उपसायचे. तळाचा गाळ काढून पिंपात भरायचा, नाल्यात सोडायचा नाही. हे मी सांगत असे आणि पाठ फिरली की कोणीतरी सोडत असे. साबण कमी टाकून शेठजींचा खर्च वाचवणारा एक नवा माणूस दर काही महिन्यांनी निघे. त्याच सूचना मी तितक्याच वेळा दिल्या. फोरमनचे काम शिकवण्याचे आहे असे लोक समजतात. ते पुन्हा सांगण्याचे आहे. सांगून सांगून एक दिवस आपलाच आवाज आपल्याला नकोसा होतो. तरी पुढचे इंजिन आले की सांगावे लागते.

त्या हिवाळ्यात शेवंताबाईंच्या हातांवरच्या चिरा मिटू लागल्या. आधी पेरांवरच्या, मग तळव्याच्या. काळ्या रेषा राहिल्या होत्या, त्याही फिकट झाल्या. बोट मुडपू लागले. चमचा बंद झाला. काम नीट चालले होते, परत येणारी इंजिने कमी झाली होती, आणि शेठजी पाहुण्यांना यंत्र दाखवू लागले होते. दोन्ही अटी पार पडल्या, असे मी धरून चाललो.

मंत्रालय नव्या रायपूरला, शहराबाहेर वसवलेल्या राजधानीत, हलले त्या सुमाराची गोष्ट. शेवंताबाई एका सकाळी काम सुरू करण्याआधी माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊ, रागावसान तुमी."

"काय झाले?"

"काम सोडून राहिले मी."

मी हातातला मापाचा गेज खाली ठेवला. कोणी काही बोलले का, विचारले. नाही म्हणाल्या. पगार? नाही.

"नव्या रायपूरले मोठ्या ऑफिसात कँटीन निघालं. पोळ्या कराले बाया पाहिजे त्यायले. बस चौकातूनच नेते."

"पोळ्या?"

"मी पोळ्याचीच बाई, भाऊ. गोंदियात लग्नाच्या पंगतीले मलेच बलावत. इथं आली अन् पोटासाठी डिझेलात हात घातले. मंग फुटले. फुटल्या हाताले कोन कणकीत हात घालू देते? घरी पोरगीच मळे, मी दुरून सांगत जावो."

मला हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे त्या माझ्या समोर बसून काम करत होत्या, आणि त्या आधी काय करत होत्या हे मी विचारले नव्हते. वर्कशॉपात ते विचारण्याची पद्धत नाही.

"तिथं ठेकेदारानं समद्या बायायचे हात पायले," त्या म्हणाल्या. "दोनी बाजूनं. दोघीतिघीले वापस धाडलं. माये पायले अन् म्हणे, तुम परसों से आओ."

त्यांनी हात माझ्यापुढे धरले. आधी पालथे, मग उताणे. मनगटावर कॉस्टिकचा डाग होता. बाकी हात कोणत्याही बाईचे असावेत तसे होते.

"यंत्र तुमच्या मापाचे आहे," मी म्हटले.

"हव. चांगलं हाय. नव्या मानसाले पट्टी ओढाले सांगजा. धनीरामचं ऐकू नका म्हणा."

त्या दिवशी त्यांनी एका जनरेटरचे सगळे भाग धुतले, पट्टी ओढली, तेलाचा हात दिला आणि यंत्राचा गाळ काढून ठेवला. जाताना धनीरामने त्यांना गेटपर्यंत पोहोचवले. थट्टा केल्याचे ऐकू आले नाही. मी आत होतो.

शेठजी दोन दिवसांनी आले. यंत्रापाशी कोणी नव्हते. इतके चांगले यंत्र, दार मापाचे, हातमोजे नवे. मग बाई गेली कशी, हे त्यांना उलगडेना.

"क्यों गई?"

"हात बरे झाले, म्हणून."

शेठजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारले.